वाघाचा आवाज

३ नोव्हेंबर २०२५, सकाळी
लॅपटॉपमधून 'वाघ' फोल्डर गायब. माझी ॲनिमेशन फिल्म, दोन वर्षांचं काम. मी शांत आहे. पवनीत कॉम्प्युटर क्लास चालवणारा माणूस असल्या गोष्टींनी घाबरत नाही. काल जागा करायला काही फालतू फाइली कायमच्या डिलीट केल्या होत्या. त्याचा संबंध नसावा.
संबंध आहे.

४ नोव्हेंबर
बायकोला कळलं. रिता म्हणाली, दुसरीकडं कॉपी काहून नाही ठेवली? म्हटलं, ठेवली होती. त्याच फोल्डरमध्ये, 'बॅकअप' नावाने. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.
खरा प्रश्न बाबांच्या आवाजाचा आहे. बाबांनी आयुष्यभर दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, राजे आणि राक्षस गाजवले. फिल्ममधला वाघही त्यांनीच बोलला. नंतर गळ्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशनात स्वरयंत्र काढलं. आता पाटीवर लिहून बोलतात. दंडारीचं रेकॉर्डिंग कोणी केलंच नाही. म्हणजे त्यांचा आवाज फक्त त्या फोल्डरमध्ये होता.
आज त्यांनी लिहिलं, फिल्म कधी? म्हटलं, फायनल स्टेजला आहे.

६ नोव्हेंबर
रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकलं. दोनशे बारा फाइली सापडल्या! लगेच त्याच ड्राइव्हवर सेव्ह केल्या. उघडल्या तर साळीच्या लग्नाचे फोटो. मग वाचलं, त्याच ड्राइव्हवर काही टाकलं की हरवलेल्या फाइली कायमच्या पुसल्या जातात. ही सूचना आधी द्यायला हवी होती.
दिली होती. पण इंग्रजीत.

९ नोव्हेंबर
संकल्प: यापुढे तीन कॉप्या. दोन वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर, आंधळगावला साळ्याकडे. रोज संध्याकाळी सहाला. आज जमलं नाही. शिवाय कॉपी करायला काही उरलेलंही नाही.

१२ नोव्हेंबर
रिता लॅपटॉप उचलून भंडाऱ्याला निघाली. मागोमाग मी. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मनिषचं, माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, सर, फाइल गेली का मशीन लगेच बंद करा, हे तुमीच तं शिकवलं होतं आमाले. इतक्या वर्षांनी त्याला आठवतं, म्हणजे मी शिकवतो चांगलं. रिता माझ्याकडे बघत होती.

१९ नोव्हेंबर
मनिषचा फोन. चित्र अकरा सेकंद वाचलं. वाघ बसलाय, शेपूट हलते. त्याने विचारलं, सर, एकूण किती होतं? म्हटलं, बरंच होतं.
चौदा सेकंद होतं. पण गेलेल्या तीन सेकंदांतच जान होती.
आवाजाची एकच फाइल मिळाली.

२० नोव्हेंबर
दुकानात ऐकली. वाघाचा डायलॉग नाहीच. दोन टेकच्या मधलं बोलणं. बाबा म्हणतात, गुलाब, आता पुरे कर बाबू, गळा बहुत दुखून राहिला. मग माझा आवाज: बाबा, नाटक नका करू, बोला लवकर. मग खोकला. मग फाइल संपते.
मनिष उगाच वायर गुंडाळत बसला. रिताने फाइलची तारीख विचारली. मार्च २०२४. ती बोटांवर मोजू लागली. डॉक्टरकडे आपण डिसेंबरात गेलो, म्हणाली. मंग मार्चातच बाबा बोलले होते तुमाले? म्हटलं, आठवत नाही.
माइक मात्र उत्तम होता. अगदी श्वाससुद्धा पकडला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
रिताला सांगितलं, बाबांना म्हण, काही मिळालं नाही. तिने ती फाइल मोबाइलवर लावलीच. बाबांनी डोळे मिटून ऐकली. मी खुलासा करायला गेलो, तर हातानेच गप्प केलं. मला वाटलं, रागावले. मग पाटी ओढून लिहिलं, पुन्हा लाव.
चार वेळा ऐकली. स्वतःचं वाक्य आलं की ओठ हलवत होते. माझं आलं की थांबत होते. पाचव्यांदा रिता लावायला लागली तेव्हा मी उठलो. म्हटलं, क्लासला उशीर होतो.
शुक्रवारी क्लासला सुट्टी असते.