न पिता पुढे दिलेला पेला

भिवपुरी, रविवार संध्याकाळ

आज पाळकसाहेब कर्जतहून आले, प्रभुभोजन आमच्या क्वार्टरमध्येच झालं. द्राक्षरसाचा पेला आमच्या यांच्या हातात आला आणि यांनी तो ओठाला न लावता माझ्याकडे दिला. असं कधीच झालं नव्हतं. मनात पाप धरलेल्याने पिऊ नये, हे आम्हा ख्रिस्ती लोकांत पोरंही जाणतात. मी प्याले. पेल्याला यांच्या हाताची ऊब होती.

कुणाबद्दलचं पाप, ते मला ठाऊक आहे. यांच्या धाकट्या भावाने, शामुवेलने, यांची वाट न बघता आईला माती दिली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

माणसं गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "उद्या शामुवेलला जेवायला बोलावलंय." केवढा आनंद झाला मला! आधी भावाशी समेट, मग पेला, असंच असणार. तिथल्या तिथे देवाचे आभार मानले. कृपा म्हणतात ती हीच ना?

मग हे बूट पुसत बसले. मान वर न करता म्हणाले, "जेवल्यावर त्याला वरच्या तलावाकडे नेतो. दोघेच जाऊ."

"मी पण येते."

"तू नको येऊ गं." दुसरा बूट हातात घेत म्हणाले, "केलेल्या पापाची क्षमा मिळते. नुसतं ठरवलेल्याची, आधीच मागितली तर?"

पेला अजून तसाच आहे, धुवायला हात धजत नाही. काय करू? पाळकसाहेब तर गेले.

आत्ता आतून हाक मारली यांनी. किती मायेने म्हणाले, "उद्या कालवण तिखट कर गं. त्याला आवडतं."