पोटावरचा पट्टा

१० जानेवारी

चि. धाकटीस, अ. आ.

इकडे सगळं ठीक, एक सोडून. तुझ्या वहिनीच्या बेंबीवर लिंबाएवढा फुगवटा आलाय. खोकली की बाहेर येतो, आडवी झाली की आत जातो. जुळी झाल्यापासून खाताना जिभेवर ताबा नाही, त्याचं हे फळ. पण तुझा भाऊ बाइंडर आहे. फुगलेलं पुस्तक शिकंज्यात दाबलं की सपाट होतंच. मी बाइंडिंगच्या कापडाचा रुंद पट्टा शिवला, आत पुठ्ठ्याची चकती घातली आणि तिला तो दिवसभर करकचून बांधायला लावलाय. ती कुरकुरते. तू इस्पितळात काम करतेस, तुझं ऐकेल. चार शब्द सुनाव.

लोभ असावा,
तुझा दादा

१६ जानेवारी

ती. दादास, सा. न.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. चार शब्द तुलाच सुनावते.

तो बेंबीचा हर्निया आहे. तिथली पोटाची भिंत कमकुवत झाली की आतला भाग बाहेर डोकावतो. तीन बाळंतपणं, त्यातलं शेवटचं जुळ्यांचं, पोट ताणून ताणून किती ताणणार? वजन वाढलंय हे खरं, तेही एक कारण. पण दोन वर्षं ती खोकला अंगावर काढतेय, त्याचं काय? प्रत्येक उबळीला आतून धक्का बसतो. आणि कागदाचे गठ्ठे जिन्यावरून कोण चढवतं? तुझी पाठ दुखते म्हणून तीच ना? एवढ्या कारणांतलं तुला फक्त तिचं ताट दिसलं.

पट्ट्याने भिंत सांधली जात नाही. तो पुठ्ठा आधी काढ. फुगवटा कडक झाला, रंग बदलला, आत जाईना, दुखून उलट्या झाल्या, तर आतडं अडकलंय समज. मग तासाचाही उशीर नको, जीव जातो त्यात. ती वेळ येण्याआधी सर्जनला दाखव.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

२१ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायचंही जिवावर आलंय. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं. शाळांच्या वह्यांची ऑर्डर डोक्यावर आहे. ही महिनाभर झोपली तर गठ्ठे कोण उचलणार? आपल्या आईने सहा बाळंतपणं सोसली, कधी हूं की चूं केलं नाही. पट्टा राहील. वहिनीचे कान भरू नकोस. एवढं ऐकलंस तर लोभ टिकेल.

दादा

३० जानेवारी

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

तुम्हा भावंडांची पत्रं मी वाचली; यांची पोस्टात टाकण्याआधी, तुमचं आल्यावर. माझ्या पोटावरून भांडलात, पण मला काय होतंय हे दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. तुमचा राग माझ्यासाठी होता, म्हणून तुमच्यावर जरा कमी रागावले आहे.

सोमवारी कात्रीने पट्टा कापला आणि एकटी इस्पितळात गेले. तुमचे दादा हातातलं काम टाकून मागोमाग आले. सर्जनने तुम्ही लिहिलेलंच सगळं विचारलं: बाळंतपणं, खोकला, ओझी. मी होय, होय म्हणत गेले. मग तपासायला पोटावरचं कापड बाजूला केलं. पट्ट्याचे काळेनिळे वळ पाहून नर्सने दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, की घरी मारहाण होते का.

मी नाही म्हणाले. पण म्हणायला वेळ लागला.

तुमचे दादा बाहेर बाकावर बसले होते. नर्सचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला, आणि माझं उत्तर किती वेळाने आलं तेही. त्यांनी मान वर केली नाही. मला दया आली नाही, खरं सांगते.

खोकल्यावर औषध चालू केलंय. तो थांबला की शस्त्रक्रिया.

तुमचा माझ्यावर जीव आहे हे ठाऊक आहे. पुढचं पत्र तेवढं माझ्या नावाने घाला.

तुमची वहिनी