पन्नास डॉलर आणि आबांचा डावा डोळा

१० फेब्रुवारी २००८, रविवार

आजपासून शिस्त.

ऑनलाइन पोकर हा जुगार नाही, हे एकदा लिहून ठेवतो. जुगार म्हणजे नशीब. पोकर म्हणजे गणित, धीर आणि समोरच्याचा मूर्खपणा. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे आहेत, तिसरी अमेरिकेत भरपूर आहे.

ऑफिसातल्या जनार्दनच्या मेहुण्यानं न्यू जर्सीहून माझ्या खात्यात पन्नास डॉलर भरले. मी जनार्दनला इथे दोन हजार रोख दिले. हे भांडवल. नियम एकच : एका टेबलावर दोन डॉलरपेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही. या वेगानं दिवाळीपर्यंत पन्नासाचे हजार होतात. कॅल्क्युलेशन वेगळ्या कागदावर आहे.

राजेश्वरीला इतक्यात सांगायचं नाही. बायकोला रिझल्ट दाखवावा, प्लॅन दाखवू नये.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटांत. आबा म्हणजे माझे वडील, पंच्याहत्तरीचे, बस डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक. टेबलावरून उतरता उतरता गुजराती डॉक्टरांनाच त्यांच्या भाषेत चहाचं विचारत होते, चा पीधी, साहेब?

औषधाच्या दोन बाटल्या. सकाळी आठ ते रात्री दहा, दर दोन तासांनी. एकीचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरीचा. डॉक्टरांनी चौकोन आखलेला कागद दिलाय, थेंब टाकला की खूण करायची.

राजेश्वरीच्या विमा ऑफिसात मार्चची गडबड, तिला रजा नाही. सकाळ-संध्याकाळचं ती बघेल. मधल्या वेळेसाठी मी आठ दिवस रजा टाकली. ती म्हणाली, अहो, जमेल ना तुम्हाला? म्हटलं, थेंब टाकायचेत, विमान चालवायचं नाहीये.

डाव्या डोळ्यात साधी लेन्स बसवली. उजव्यात इम्पोर्टेड बसवायची, पोकरच्या पैशातून. म्हणजे तसं पाहिलं तर हे सगळं आबांसाठीच आहे.

१३ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी ३

आपल्याकडे सकाळचे दहा म्हणजे अमेरिकेत मध्यरात्र. थकलेली माणसं टेबलावर येतात आणि पैसे टाकून जातात. तीन डॉलर चाळीस सेंट वर. औषध वेळेवर. दहाचं सव्वादहाला, पण ते वेळेवरच धरायचं.

आबांनी पलीकडच्या खोलीतून विचारलं, कसली रे टकटक? म्हटलं, ऑफिसचं काम. घरून करायला दिलंय. एकदम काहीतरी सुचणं हीसुद्धा पोकरला लागणारी गोष्ट आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी सहा डॉलर दहा. भांडवल एकोणसाठ पन्नास!

बाराचं औषध एकला गेलं. डाव रंगात होता. दर दोन तासांनी म्हणजे साधारण दोन तासांनी. डॉक्टर लोक नेहमी थोडं जास्तच सांगतात. खूण बाराच्याच चौकोनात केली, कागद व्यवस्थित राहतो.

शेजारच्या नयनाबेन आबांना बघायला आल्या. आबा त्यांना सांगत होते, आमचा विक्रम रजेवर असूनसुद्धा शेठचं काम करतो आणि माझंही सगळं बघतो. मी दार जरा लोटून घेतलं. एकाग्रता लागते.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

नियम मोडला नाही. वाढवला. भांडवल वाढलं की नियमही वाढायला पाहिजे. दहा डॉलर घेऊन बसलो. गेले. कारण तांत्रिक होतं, म्हणून आणखी दहा घेऊन बसलो. तेही गेले, पण यावेळी मी बरोबर खेळलो होतो. उरले एकोणचाळीस पन्नास.

दोनचं औषध राहिलं. चारला दोनदोन थेंब टाकून हिशोब बरोबर केला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

एक डॉलर वीस वर. कमबॅक सुरू.

राजेश्वरी हाफ डे करून अडीचला येणार होती. दोनला लक्षात आलं की दहा, बारा, दोन, तिन्ही राहिलेत. दोनचं टाकलं आणि तीन खुणा केल्या. एकसारख्या दिसू नयेत म्हणून मधली जरा तिरकी केली.

आबांच्या डोळ्यातून पाणी येतंय. येऊ दे. पाण्यानं डोळा साफ होतो.

१७ फेब्रुवारी, रविवार

राजेश्वरी दिवसभर घरी. प्रत्येक थेंब तिनंच टाकला, घड्याळ समोर ठेवून. म्हणाली, डोळा फार लाल दिसतोय हो. म्हटलं, ऑपरेशननंतर होतंच. ती म्हणाली, तुम्ही नक्की टाकता ना औषध? मी तिला कागद दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि परत फ्रिजवर लावला.

दिवस वाया.

१८ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहायचं नव्हतं.

थेंबाथेंबानं भांडवल वाढत नाही, एकदा मोठं खेळावंच लागतं, असं सकाळी दाढी करताना पटलं. चाळीस डॉलर घेऊन मोठ्या टेबलावर बसलो. दोन तास पत्तेच आले नाहीत. धीर धरला. दहा वाजून गेल्याचं कळलं होतं, पण उठलो असतो तर जागा गेली असती.

मग दोन एक्के आले. यापेक्षा चांगली सुरुवात पोकरमध्ये नाही. सगळे चाळीस पुढे सरकवले. समोर ओहायोचा कुणीतरी, त्याच्याकडे दोन सत्त्या. पाचातल्या चार वेळा मीच जिंकतो. हे गणित आहे. शेवटचं पान सत्ती आलं, त्याच्या तीन झाल्या.

खात्यात सत्तर सेंट.

आबांच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसले होते, काळ्या चष्म्यावर हात दाबून. म्हणाले, किती वाजले? म्हटलं, साडेबारा. दहाचं आणि बाराचं, दोन्ही राहिलं होतं. दोन्ही बाटल्या लागोपाठ टाकल्या. पाच मिनिटं थांबलो नाही.

आबा म्हणाले, दुखतंय जरा.

आबांच्या पायावर एकदा इंजिनाचा ब्लॉक पडला होता. तेव्हाही ते जराच म्हणाले होते.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

राजेश्वरी ऑफिसला गेली नाही. आम्ही तिघं रिक्षानं दवाखान्यात. डॉक्टरांनी डोळा पाहिला, मग कागद पाहिला. म्हणाले, एक थेंबही चुकलेला नाही, तरी एवढी सूज? म्हणजे औषध लागूच पडत नाहीये. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन द्यावं लागेल.

मी बोलणार होतो. पण नर्स सुई घेऊन आली होती, आणि मागे नऊ-दहा पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांना मध्येच अडवणं बरं दिसलं नसतं.

आबांनी माझं मनगट धरलं. सुई आत गेली तेव्हा ते ओरडले नाहीत. मनगटावर त्यांच्या नखांच्या चार खुणा आहेत.

२० फेब्रुवारी, बुधवार

राजेश्वरीनं बिनपगारी रजा घेतली. आबांना सरळ विचारलं, आबा, खरं सांगा, औषध वेळेवर पडत होतं का? मी दाराशीच होतो. आबा म्हणाले, झोंबायचं गं ते. मीच विक्रमला नको म्हणायचो.

वडीलधारी माणसं स्वतःहून बोलत असताना आपण मध्ये पडू नये.

राजेश्वरी उठली. फ्रिजवरचा कागद काढला, घडी घातली आणि तिच्या पर्समध्ये ठेवला.

जनार्दनचा फोन. मेहुणा आणखी पन्नास भरायला तयार आहे. म्हटलं, कळवतो. नाही म्हणायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

सूज उतरतेय. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून समोर बोटं धरली. किती बोटं म्हणून विचारलं, केटली? आबा म्हणाले, तीन.

दोन होती.

डॉक्टर म्हणाले, नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. थांबावं लागेल. राजेश्वरीनं खाली येईपर्यंत आबांचा हात सोडला नाही. मी मागून औषधांची पिशवी घेऊन.

घरी येऊन पोकरचं खातं बंद केलं. जनार्दनला नको म्हणून सांगितलं. सत्तर सेंट परत मिळत नाहीत म्हणे.

२४ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

राजेश्वरी भाजीला गेल्यावर आबांना सांगितलं. ऑफिसचं काम नव्हतं, पत्ते खेळत होतो. पैसे लावून.

आबांनी विचारलं, किती?

म्हटलं, दोन हजार.

ते भिंतीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, मला वाटलं नोकरीचं आहे. म्हणून हाक मारली नाही मी.

मला पुढे बरंच सांगायचं होतं. गणिताचं, इम्पोर्टेड लेन्सचं. पण उठलो. बाहेरच्या खोलीत येऊन बसलो.

दहा वाजता आबांनी आतून हाक मारली. राजेश्वरी, औषध. ती अजून आली नव्हती. मी हात धुतले, बाटल्या घेऊन आत गेलो. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं.

म्हणाले, राहू दे. येऊ दे तिला. थांबतो मी.