चढलेली हवा

बरखेडा, भोपाळ

प्रिय प्रतिभा,

अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, मनात धरू नकोस. तू पाठवलेलं यंत्र कसं चाललंय म्हणून फोनवर दरवेळी विचारतेस आणि मी नुसतं हो, हो म्हणतो. फोन आईच्या खाटेपाशी आहे, तिच्यासमोर काय बोलणार? म्हणून लिहायला बसलो. आठवीपर्यंत शिकलेला माणूस मी, इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घे.

हवेचं यंत्र तू सांगितलंस तसं कूलरपासून लांब ठेवलं आहे. त्यातून निघणाऱ्या विजेच्या कणांनी चिडचिड कमी होते म्हणतात, पण डॉक्टरांचं त्यावर एकमत नाही, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. मला मात्र लगेच पटलं. मी नोकरीत असताना कारखान्यात आमच्या टेस्टिंग हॉलमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर तपासायला लावला की हवेला उग्र वास यायचा, हातावरचे केस उभे राहायचे आणि चांगली चांगली माणसं एकमेकांवर खेकसायची. त्या दिवशी रजेचा, ओव्हरटाइमचा विषय कोणी काढायचा नाही, असा आमच्यात रिवाजच होता. कोणी काढलाच तर आमचे चार्जमन श्यामलाल म्हणायचे, "आज हवा चढ़ी है भाई, कल लड़ लेना." दुसऱ्या दिवशी भांडण कुणाला आठवतही नसे.

तो रिवाज मी घरी आणला, हे तुला ठाऊक नसेल. उन्हाळ्यात गरम लू सुटली की तुझी आई तापायची. भाजीच्या पिशवीवरून, माझ्या चपलांवरून, कशावरूनही. आज हवा चढली आहे, असं मनाशी म्हणून मी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसायचो. आमचा संसार असाच निभावला. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागली, किल्ल्या पिठाच्या डब्यात ठेवून मलाच चोर म्हणू लागली, तेव्हाही मी खिडक्या लावून घेतल्या आणि वाळ्याच्या ताट्या भिजवत राहिलो. पाऊस पडला, हवा निवली, ती निवली नाही. मग तुला नुसतं एवढंच कळवलं की आई फार चिडते. बाकीचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी सांगितलं नाही.

आता ती चिडत नाही. समोरच्या क्वार्टरमधल्या सरोजवहिनी परवा हसत म्हणाल्या, "भाईसाहब, भाभीजी को क्या खिला दिया? पूरी लाइन में अब शांति है." मीही हसलो. पण ही शांतता मला बरी वाटत नाही, बेटा. मीठ जास्त पडलं तरी बोलत नाही, मी चपला घालून स्वयंपाकघरात गेलो तरी बोलत नाही. वाटलं, रागाबरोबर यंत्राने आणखी काही ओढून तर घेतलं नाही? ते बंद करून ठेवलं. मुद्दाम तिच्या देव्हाऱ्यापाशी चपला काढल्या. तिने त्या उचलून दाराशी नीट लावल्या, पाहुण्याच्या लावतात तशा. यंत्राचा यात दोष नसावा, हे मला तेव्हाच कळलं. तरी पुन्हा चालू केलं. दुसरं काय करणार?

आता ज्यासाठी लिहितो आहे ते लिहितो. रविवारी मी दूध घेऊन आलो. तिने पदर सावरला, कपाटातली चांगली कपबशी काढली, मला चहा दिला आणि म्हणाली, "बसा ना. हे ड्यूटीवरून येतीलच इतक्यात." मी चहा घेतला. बसून राहिलो. ती मधूनमधून दाराकडे बघत होती आणि मलाही तिकडे बघावं लागत होतं. सरोजवहिनी म्हणतात डॉक्टरांकडे न्या. नेईन, नाही म्हणत नाही. पण डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारतील, हे कोण? ती काय सांगेल ते एकट्याने ऐकायची माझी छाती नाही. तेवढ्या वेळेला तू शेजारी हवीस. रजा मिळत नसेल तर तसं कळव, पण कळव. फोनवर फक्त कधी येतेस ते सांग, बाकीचं मी समजेन. उशीर करू नकोस, फोनवर तुला ती अजून नावाने हाक मारते.

तुझाच,
बाबा