वैरणीतले नाकतोडे

१ एप्रिल, मंगळवार

प्राचीला बंगळूरला जाऊन आज बावीस दिवस. तिचा सरडा जिवंत आहे. मीही आहे.

सकाळी सातला त्याच्या काचपेटीतला उबेचा दिवा लावला. दगडावर ३९ अंश, सावलीच्या बाजूला २७. शेवग्याचा पाला आणि किसलेला भोपळा चिमट्याने आत ठेवला. तेहेतीस वर्षं सूतगिरणीत वायरमन होतो, चालू तारेला कधी घाबरलो नाही. आणि हा दीड फुटाचा प्राणी मान वळवून बघतो तर मी चिमटा सोडून मागे सरतो. ऑस्ट्रेलियाकडची जात. दाढी फुगवून दगडावर असा बसतो की प्राचीने नावच ठेवलं, सरपंच.

तिच्या कंपनीच्या हॉस्टेलात प्राणी चालत नाहीत. तीन महिन्यांचं ट्रेनिंग. जाताना पेटीच्या काचेवर कागद चिकटवून गेली. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. सगळ्यात खाली लाल पेनाने, दोनदा अधोरेखित: बाहेरचा किडा एकही नाही.

ही, प्राचीची आई, गेली त्यानंतर चार महिने प्राची घरात हो आणि नाही एवढंच बोलायची. मग कुणा मैत्रिणीकडून हा आला आणि ती परत माणसांत आली. त्यामुळे मला सरड्याची भीती वाटते ती वेगळी, आणि सरड्याला काही होईल याची भीती वेगळी. दुसरी जास्त वाईट.

३ एप्रिल, गुरुवार

पुण्याहून रातकिड्यांचा डबा ट्रॅव्हल्सने आला. ऑफिसवाल्याने तो दुपारभर बाहेर उन्हात ठेवलेला. घरी येऊन उघडला तर सगळे मेलेले, वास सुटलेला. विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, आठ तारखेनंतर नवीन माल.

स.ने पाल्याला तोंड लावलं नाही. काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत राहिला.

प्रा.ला फोन. "पप्पा, तो आता मोठा झालाय. आठवडाभर पाल्यावर राहिला तरी काही होत नाही. घाबरू नका."

तिला काय जातंय सांगायला. इथे उपाशी जीव माझ्यासमोर बसलाय.

४ एप्रिल, शुक्रवार

आजही पाला तसाच. मी सकाळचा चहा घेतला आणि भाकरी मोडताना हात थांबला. घरात एकजण उपाशी असताना आपण जेवायचं, हे आपल्याकडे कोण करतं? आमच्या आईने कधी केलं नाही.

बाळूच्या गोठ्यात दुधाला गेलो. गल्लीच्या टोकाला त्याच्या चार म्हशी. नुकतीच वैरण आली होती, ओला मका. भारा सोडला तशी हिरवे नाकतोडे टणाटण उडायला लागले. बाळू म्हणाला, "घ्या की वायरमन तुमच्या घोरपडीला. फुकट हाय. पैका न्हाय पडत."

"घोरपड नाही रे ती."

"मला ठाव हाय. पर घोरपड पाळाय बंदी हाय, गल्लीत कुणी फोन लावला तर फॉरेस्टवालं आदी आत घेतील, मग इचारतील."

गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत सहा पकडले. लाल पेनाची ओळ आठवत होती. नाही आठवली असं लिहिणार नाही. पण म्हटलं, वैरण म्हणजे काही बाहेरचं नव्हे. म्हशी खातात, त्यांचं दूध आपण पितो.

स.ने सहाच्या सहा खाल्ले. पहिला पकडला तेव्हा जीभ सुटलेली दिसलीसुद्धा नाही. मी एकटाच मोठ्याने हसलो. फोटो काढून प्रा.ला पाठवला. "पाला खाल्ला" असं लिहिलं.

५ एप्रिल, शनिवार

आणखी पाच नाकतोडे. सगळे खाल्ले. दाढी फुगवून बसलाय, जसा काही ग्रामसभेचा ठराव मंजूर झाला. मलाही रात्री झोप लागली.

६ एप्रिल, रविवार

सकाळी दिवा लावला तर डोकं आभाळाकडे करून बसलेला. मान खाली येईना. तोंडातून लाळ. मागचा डावा पाय झटके देतोय, थांबतोय, पुन्हा.

आधी वायरिंग तपासलं. दिव्याची नळी ठीक. दगड ४०, सावली २८. होल्डर काढून पुन्हा बसवला. काही बिघाड नाही. बिघाड नाही म्हटल्यावर जास्त घाम फुटला, कारण बिघाड असता तर मला दुरुस्त करता आला असता.

संध्याकाळी प्रा.चा मेसेज, आजचा फोटो? परवाचाच, नाकतोडे खाण्याआधी काढलेला होता, तो पाठवला.

तिने लाल बदाम पाठवला.

७ एप्रिल, सोमवार

झटके वाढलेत. अंग काळपट पडलंय. हात लावला. पहिल्यांदाच हाताने उचलला. भीती कुठे गेली कळलं नाही, दुसरी इतकी मोठी होती की तिला जागाच उरली नाही.

जनावरांच्या दवाखान्यात न्यायला हवा. पण बाळूचं बोलणं डोक्यातून जाईना. रांगेत कुणी घोरपड म्हणून ओरडलं तर? पोलीस आले तर? प्रा.च्या नोकरीवर काही आलं तर? कपाटातली तिची निळी फाईल काढली. सरड्याच्या सरकारी नोंदणीचा कागद आहे, तिच्या नावावर, शिक्क्यासह. तीनदा वाचला. तरी घराबाहेर पाय पडेना. अकरा वाजले, एक वाजला, चार वाजले. दवाखाना बंद झाला.

अख्खा दिवस मी घालवला. हे मी इथे लिहून ठेवतो.

साडेचारला प्रा.चा व्हिडिओ कॉल. मी कॅमेरा माझ्याकडेच ठेवला.

"सरपंच कुठंय?"

"झोपलाय."

"या वेळेला? दिवा चालू आहे ना?"

"चालू आहे. आज उकाडा फार."

८ एप्रिल, मंगळवार

बुटांच्या खोक्यात टॉवेल, कडेला गरम पाण्याची बाटली, वर भोकं पाडलेलं झाकण. रिक्षात खोकं मांडीवर. आत पाय झटकला की मांडीला कळायचं. कळायचं थांबलं की झाकण उघडून बघायचो.

दवाखान्यात माझ्या पुढे दोन शेळ्या आणि एक कुत्रा. शेळीवाला म्हणाला, "काय पावणं, कोंबडं हाय काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सरपंच." सगळे हसले. घोरपड कुणी म्हणालं नाही. कागद खिशातच राहिला. कालचा दिवस मी कशाला घाबरून घालवला?

डॉक्टर बाई तरुण आहेत, आजऱ्याच्या. खोक्यात बघून त्या दचकल्या नाहीत. विचारलं, "काय खाल्लं याने?"

"पाला."

त्यांनी त्याचं तोंड उघडून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "काका, पुन्हा विचारते. काय काय खाल्लं?"

सांगितलं. शुक्रवारी सहा, शनिवारी पाच.

"वैरण कुठली? औषध मारलेली हाय काय, विचारलंत?"

विचारलंच नव्हतं. सुचलंही नव्हतं.

त्यांनी पुण्याच्या कुणा सीनियरला फोन लावला, पाच-सात मिनिटं बोलल्या. मग एक बारीक इंजेक्शन, कातडीखाली सलाईन. ऊब द्या, तोंडात काही कोंबू नका, झटके बघून वेळ लिहा. दोन दिवस काही सांगता येणार नाही म्हणाल्या. काल आणला असता तर, असं त्यांनी सुरू केलं आणि सोडून दिलं.

मी विचारलं, उपाशी राहिला असता तर मेला असता का हो?

"न्हाय हो काका. आठ-दहा दिवस सहज राहतात हे. पाणी आणि ऊन पाहिजे फक्त."

म्हणजे प्राचीने मला हेच सांगितलं होतं.

झटके: १२.१०, १२.४०, १.२५, २.००, पुढे लिहिले नाहीत. बघत बसलो.

९ एप्रिल, बुधवार

बाळूकडे गेलो. आधी माझ्यावरच उखडला. "म्हशी खात्यात की रोज! त्यास्नी काय झालं? तुमचं जनावरच नाजूक."

मी म्हटलं, वैरणवाल्याला एक फोन कर. आता, माझ्यासमोर.

केला. स्पीकरवर ठेवला. पलीकडून, "व्हय, मक्यावर लष्करी अळी पडलीया न्हवं. गेल्या बुधवारी मारलं हुतं की औषध. का वो?" वैरण कापली शुक्रवारी, म्हणजे दोनच दिवसांनी.

बाळूने फोन ठेवला. गव्हाणीत हात घालून उरलेला मका बाहेर ओढायला लागला. मीही ओढला. ओढताना एकदाच म्हणाला, "माझी पोरगीबी ह्याच म्हशीचं दूध पिती."

संध्याकाळी दूधकट्ट्यावर, जिथे गिऱ्हाइकासमोर धार काढून पेल्यात देतात, त्याच्या म्हशी आल्या नाहीत. गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी होती, कुणाला काही माहीत नव्हतं. दूध त्याने गटारीत ओतलं, मी बघितलं.

मीही रोज एक पेला पितो. घरी येऊन दोन्ही हात उजेडात धरून बघितले. थरथरत होते. औषधाने की भीतीने, कळायला मार्ग नाही.

१० एप्रिल, गुरुवार

झटके कमी. सकाळपासून चारच. डोळे उघडले, पण बघतोय असं वाटत नाही. खाणं नाही. डॉक्टर बाईंनी दुसरं सलाईन दिलं. "वाईट न्हाय," म्हणाल्या. बरं आहे, असं नाही म्हणाल्या.

बाळूच्या म्हशी रवंथ करतायत. त्याने चौघींची तपासणी करून घेतली. दूध अजून ओततोय.

प्रा.चा मेसेज: शनिवारी सकाळी येते, चौदाची जयंती करून मंगळवारी परत. सरपंचला निळा पट्टा बांधून फोटो काढू या.

तीनदा फोन हातात घेतला. एकदा लावलाही, तिने उचलायच्या आत कट केला.

ती येईल तेव्हा तो नसेल तर. ती पुन्हा तशीच झाली तर. घरात ती आणि मी दोघंच, आणि हो, आणि नाही, आणि

११ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. सगळं. डबा, नाकतोडे, सोमवारचा दिवस, इंजेक्शन.

मी हॅलो हॅलो करत राहिलो. मागे कँटीनचा गोंगाट ऐकू येत होता, म्हणजे फोन चालू होता.

मग म्हणाली, "रविवारचा फोटो जुना होता ना?"

"हो."

"किडे दिलेत त्याचं मला काही नाही, पप्पा. तो उपाशी बघवला नाही तुम्हाला, मला कळतं." "आईचे रिपोर्ट पण तुम्ही असेच सांगायचा. चांगले आलेत म्हणायचा. मी परीक्षा देत बसले. शेवटचे पंधरा दिवस मला मिळाले असते."

खरं आहे. मी घाबरलो होतो. तेव्हाही ती मोडेल म्हणून घाबरलो होतो, असंच मी स्वतःला सांगत आलो. पण तिला सांगताना तिचा चेहरा बघावा लागला असता, त्याला घाबरलो होतो. आज लिहिताना कळतंय, दोन वर्षांनी.

फोन तिने ठेवला. चिडून नाही, हळूच ठेवला. चिडली असती तर बरं झालं असतं.

स. तसाच. संध्याकाळी ओठावर पाण्याचा थेंब सोडला. आत गेला की खाली ओघळला, नक्की सांगता येत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळचे सहा. ती रात्रीच्या बसमध्ये आहे. आत्ता एवढाच मेसेज आला, "निपाणी". सरपंचबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. मी काय सांगेन याचा तिला भरवसा नाही, म्हणून नसेल विचारलं.

दिवा आज जरा लवकर लावला. श्वास चालू आहे, पोट वरखाली होतंय, मिनिटाला किती ते मोजलं नाही. डोळे मिटलेले. रंग काळाच. बोट लावलं तर डावा पाय थोडा आत घेतो, उजवा घेत नाही. काल रात्रीपासून झटका नाही. हे चांगलं की वाईट, मला माहीत नाही. डॉक्टर बाई दहाला येतात.

वर लिहिलं तेच सगळं तिला मेसेजमध्ये लिहिलं. चांगलं काही घातलं नाही, वाईट काही काढलं नाही. मग फोटो काढला, अगदी जवळून, जसा आहे तसा, आणि पाठवला. पाठवताना अंगठा दोनदा मागे आला.

दोन निळ्या खुणा आल्या. तिने बघितलाय.

निपाणीहून तासाभरात गाडी स्टँडवर येते. उत्तर अजून नाही.