पुढे ढकललेला भाग

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. टीव्हीचा आवाज बारीक करून कोल्हिणीचा सिनेमा बघत होतो.

मेली! चहा निवायच्या आत कोल्हीण मेली. पिल्लू बर्फात हाका मारत फिरतंय आणि लगेच पुढच्या चित्रात एक जाडा बेडूक गाणं म्हणतोय. ह्या लोकांना लाज कशी वाटत नाही? कोल्हिणीच्या अंगावरचा केस न् केस काढलाय, वाऱ्याने प्रत्येक वेगळा हलतो. एवढी मेहनत घ्यायची ती दोन मिनिटांत मारून टाकायला?

भोंग्याने शपथेवर सांगितलं होतं, यात रडण्यासारखं काही नाही. भोंगा म्हणजे आमच्या लाँड्रीशेजारचा मोबाइलवाला. हळू बोलला तरी चौकापर्यंत ऐकू जातं. पेनड्राइव्हवर सिनेमे तोच भरून देतो. तू स्वतः बघितलास का, असं विचारलं तर म्हणाला, शेवट बघितला, शेवटी सगळे नाचतात.

भाची, चिमणी, उठायच्या आत जागा लक्षात ठेवली. घंटा वाजली की पुढे ढकलायचं बटण दाबायचं, बेडूक दिसला की सोडायचं.

संध्याकाळी तसंच केलं.  चिमणी बेडकाला हसलीसुद्धा नाही.

बुधवार, ५ मार्च

ताईला जाऊन पाच महिने होत आले. चिमणी तिची मुलगी, सहा वर्षांची. तिला अजून सांगितलेलं नाही! भाऊजींनी ठरवलं तसं. तिला सांगायचं, आई लांबच्या दवाखान्यात आहे, बरी होतेय. पोरीला आमच्याकडे ठेवून ते दुसऱ्या गावी कामाला असतात, आणि रविवारी येऊन तेच खोटं नव्याने इस्त्री करून ठेवून जातात. आठवडाभर ते सांभाळायचं कोणी? मी आणि माझ्या आईने.

आज आईला म्हटलं, आपण सांगून टाकू. आई म्हणाली, "बाप तो आहे तिचा. तू मामा आहेस, मामासारखा राहा."

मामासारखा म्हणजे कसा? बटण दाबत?

शुक्रवार, ७ मार्च

आजचा सिनेमा, दीपस्तंभातला उंदीर. यात आई पहिल्यापासूनच भिंतीवरच्या फोटोत. निदान प्रामाणिकपणा तरी आहे. बाकी सगळा आनंद! उंदीर समुद्रात पडतो, बाहेर येतो, सदऱ्याला एक सुरकुती नाही. दिवसभर लोकांच्या सुरकुत्या मोडतो मी, मला असलं दाखवू नका. आणि दुष्ट माणूस नेहमीप्रमाणे लठ्ठ, नाकावर चामखीळ. आमचे मालक लठ्ठ आहेत, चामखीळही आहे, पण ताईच्या वेळी आठवडाभर दुकान बंद ठेवलं होतं त्यांनी. खाली जी अक्षरं येतात त्यात 'आणी' असं छापलंय, तेही दोनदा. मी नववीत शाळा सोडली तरी मला कळतं!

चिमणी त्या फोटोकडेच बघत होती.

रविवार, ९ मार्च

भाऊजी आले. रंगीत खडू आणले. तुझ्या आईने पाठवलेत म्हणाले. चिमणी म्हणाली, हो बाबा. मी भांडी घासायला उठलो आणि नळ जोरात सोडला.

निघताना त्यांना जिन्यात गाठलं. विचारलं, हे अजून किती दिवस? तर मला म्हणतात, "तू आधी बाप हो, मग मला शिकव." मग मीही बोललो. म्हटलं, पोरगी रडेल म्हणून नाही, तुम्हाला ते बघावं लागेल म्हणून सांगत नाही तुम्ही. ते पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरची बाई खाली उतरत होती, तिला वाट द्यायलाही उठले नाहीत.

बोललो ते खोटं नव्हतं. तरी जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

विचारात होतो, इस्त्री टेकलेलीच राहिली. एका कॉलरवर पिवळा डाग. मालक म्हणाले, "कार्टून बघून वय उतरायला लागलंय तुझं. उद्या बाटली मागशील दुधाची." सगळे हसले. हसा!

गुरुवार, १३ मार्च

आज उशीर झाला. घरी फोन केला तर आई म्हणाली, सावकाश ये, तिला तो कोल्हीण आणि पिल्लाचा सिनेमा लावून दिलाय. आईला बटणाचं कधी सांगितलंच नव्हतं! जिना कसा चढलो ते मला ठाऊक.

आई आत स्वयंपाकघरात. चिमणी जमिनीवर, रिमोट मांडीत. टीव्हीवर चित्र थांबलेलं. बर्फ, आणि कोल्हीण मान वळवून मागे बघतेय. घंटेच्या आधीची जागा.

मी विचारलं, बंद का केलास?

"बंद नाही केला. थांबवलाय. इथपर्यंत ती असते."

 मग म्हणाली, "तू पुढे ढकलतोस ना मामा, तिथे ती मरते. सगळ्या सिनेमांत आई तिथेच. आपल्या घरीपण तुम्ही तसंच केलंत."

मी हो म्हटलं.  ती रडली नाही, मी रडलो. तिने रिमोट माझ्या हातात दिला. मी काही दाबलं नाही. कोल्हीण तशीच ठेवून आम्ही जेवायला गेलो.

शुक्रवार, १४ मार्च

इतके दिवस सिनेमावाल्यांना शिव्या घातल्या. ते निदान दोन मिनिटं दाखवतात तरी. मी तेवढंही पोरीला दिलं नाही. भाऊजींना भ्याड म्हणायला निघालो होतो, आणि रोज सकाळी उठून मी काय करत होतो?

आईला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, रविवारी तूच सांग भाऊजींना, नीट सांग, ओरडू नकोस.

रविवार, १६ मार्च

भाऊजी दारात चपला काढत होते. मी मनात जुळवलेलं पहिलं वाक्य बोलणार, तोच चिमणीने माझा शर्ट ओढून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "मामा, आई गेली ते बाबांना सांगू नकोस हं. त्यांना अजून माहीत नाहीये."