रकाना नंबर तीनशे

९ जाने. ९४, रविवार
ग्रंथालयाच्या सर्टिफिकेट कोर्सचा वर्ग आज कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. विद्यार्थी बारा, मशीन एक. आमच्या चपराशी मारोतीने दाराशी सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या आणि मग मलाच विचारलं, "म्याडम, पुस्तकायच्या खोलीत आपून चपला घालून जातो, अन् या डब्यापुढं काऊन काढतो?" धूळ जाते आत, म्हटलं. पुस्तकांनाही धूळ लागतेच. उत्तर काही खरं नव्हतं.

हैदराबादहून फ्लॉप्या आल्यात. आयसिस नावाचा प्रोग्राम, ग्रंथालयांना फुकट. नोंदीचे रकाने, प्रत्येकाला नंबर. शीर्षक २००, लेखक ३००. लेखकाच्या रकान्यात पुन्हा दोन कप्पे : नावाचा जो भाग आधी यायचा तो 'ए' मध्ये, उरलेला 'बी' मध्ये. एप्रिलपर्यंत आपल्या नोंदी फ्लॉपीवर पाठवायच्या, तिथे सगळ्या कॉलेजांच्या एकत्र होणार. सगळ्यांनी तेच नंबर, तेच कप्पे वापरले तरच जमतं. हे शिकवताना फार बरं वाटलं. सोळा वर्षं एकटीने टाइप केलेली कार्डं. आता कुठेतरी जाणार.

प्रत्येकाला एकेक ड्रॉवर वाटून दिला. कार्डावर आहे तसं मशीनमध्ये टाकायचं.

१६ जाने., रविवार
गंगामणी एका बोटाने टाइप करते. इचोड्याच्या वाचनालयात रोजंदारीवर आहे, जूनपर्यंत सर्टिफिकेट मिळालं तर तिथेच कायम होईल, नाहीतर दुसरं कोणी येईल. तिची यादी छापून पाहिली तर कार्डांशी जुळेना. कार्डावर 'नरसिंहलू, मामिडी', हिने केलंय 'मामिडी, नरसिंहलू'.

"गंगामणी, उलटं केलंस तू."
"मी नाई केलं म्याडम. कार्डच उलटं हाय."
वर्ग हसला. मीही हसले.
"मामिडी त्यायच्या घराचं नाव हाय. इंटिपेरू म्हनते. आमच्यात ते पह्यलं येते. नरसिंहलू तं त्यायचं सोताचं."

मी म्हणाले, तुझ्या घरची पद्धत वेगळी, ग्रंथालयाची वेगळी. शेवटचा शब्द आडनाव, आडनाव आधी. पूर्ण यादी तिला पुन्हा करायला लावली. एका बोटाने पुन्हा सुरू केली. शेवटची इचोड्याची बस चुकली असणार.

१७ जाने.
नियमांचं पुस्तक काढलं. तेलुगू नावांचं वेगळं कलम आहे. अगदी स्पष्ट. घराचं नाव आधी येतं, तेच आधी ठेवायचं. गंगामणी म्हणाली तेच.

समासात पेन्सिलीने एक शब्द. "सोडणे". अक्षर माझं. बहात्तर साली नागपूरला शिकताना सर म्हणाले होते, ही नावं आपल्याला भेटायची नाहीत, परीक्षेला येत नाहीत, सोडा. सोडलं. पुढे लग्न होऊन आदिलाबादला आले. इथे दर दुसऱ्या पुस्तकावर हीच नावं. सोळा वर्षांत ते पान परत उघडलं नाही. काऊन नाही उघडलं, याला उत्तर एकच. मला येतं असं वाटत होतं.

२० जाने.
'रेड्डी' म्हणून अख्खा ड्रॉवर भरलाय. रेड्डी तर जातीचं बिरूद, शेवटी येतं म्हणून जितके रेड्डी तितके सगळे त्यात कोंबलेले, घराचं नाव कोणाचंच आधी नाही. पाटलांच्या गावात सगळ्यांना नुसतं पाटील म्हणून हाका मारल्यासारखं.

तेलुगूचे राजेशम सर कधी कार्डं बघत नाहीत, सरळ कपाटात हात घालतात. मी इतकी वर्षं त्यांना आळशी समजत होते. आज विचारलं, सर, तुमच्या कधी लक्षात नाही आलं?
"आया ना मॅडम. पहले सालइच आया."
"मग बोलला नाहीत?"
"मैं समझा आप लोगां में ऐसाइच रखते होंगे." आणि हसले. चांगले गृहस्थ. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

मशीन शिकवायला येतो त्या मुलाला विचारलं, सगळे ए-बी एका झटक्यात उलटवता येतील का. म्हणाला, येतील, पण मग मराठी नावंही उलटतील. मशीनला तेलुगू कोण, मराठी कोण, कळत नाही.
खरंय. त्याला कोणी सांगितलंच नाही. मला तर सांगितलं होतं.

२३ जाने., रविवार
वर्गात सांगितलं. मी चुकीचं शिकवलं, गंगामणीचं बरोबर होतं. तिची मान खाली. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळी होईन.

बोलता बोलताच आठवलं. डिसेंबरमधली असाइनमेंट! वीस पुस्तकं, वीस कार्डं, वीस मार्क, पासला आठ. मार्क हैदराबादला विद्यापीठाकडे जाऊन महिना झाला. वर्ग सुटल्यावर कपाटातून गठ्ठा काढला. वीसपैकी नऊ पुस्तकं तेलुगू लेखकांची. गंगामणीच्या त्या नऊच्या नऊ कार्डांवर माझी लाल फुली. सहा मार्क दिलेत. हवे होते पंधरा.

नापास. माझ्या हाताने.

तिला थांबवून दाखवलं. "तुला तेव्हाच माहीत होतं ना? मग भांडली का नाहीस?"
"मले वाटलं, तुमी म्याडम हाव. कॉलेजात असंच असन."
"मग लिहिलंस तरी तसं का?"
"दुसरं कसं लिवू? माह्या बापाचं नाव बी तसंच हाय ना म्याडम."

२४ जाने.
ह्यांना सांगितलं. दुकानात विक्रीची भांडी पुसत होते. "तू काऊन डोक्श्याले ताप करून घेऊन राह्यली? बेरीज चुकली म्हणून लिवून दे. पोरीचं काम झालं, तुझं बी झालं."
प्राचार्यही तेच म्हणाले, जरा बऱ्या भाषेत. "टोटलिंग मिस्टेक लिहा बाई, मी सही करतो. मार्क वाढवून देतात. बाकीचं कशाला?"

बाकीचं. मनात उजळणी केली. गेल्या सहा बॅचेस. उटनूर, नार्नूर, बोथ, जिथे जिथे माझी मुलं कामाला लागली, तिथे तिथे हेच उलटं. आणि हीच मुलं पुढे दुसऱ्यांना सांगत असतील, आमच्या म्याडमनी असंच शिकवलंय.

२६ जाने.
झेंडावंदन. नंतर घरी बसून दोन पत्रं लिहिली. पहिलं चार ओळींचं, बेरीज चुकली. दुसरं दीड पान, नियम मला माहीत नव्हता. दोन्ही उशाखाली. पहिलं लिहायला पाच मिनिटं लागली. अक्षरही छान आलंय.

२९ जाने.
दुसऱ्या पत्राचा आणखी एक पेच. रात्रभर सुचला नव्हता, आज डबा भरताना सुचला. हैदराबादने सगळेच पेपर परत तपासले तर? बाकीच्या अकरांनी माझ्या शिकवण्याप्रमाणे नावं उलटी लिहिली आणि मी मार्क दिले. ते कापले जातील. उरलेल्या अकरा कार्डांवर बहुतेक जण तरतात. मनोहर तरत नाही. त्याचे नऊ मार्क आहेत, त्यातले पाच तेलुगू कार्डांचे. राहतात चार.

मनोहर बोथजवळच्या खेड्यातला, कापूस-ज्वारीचं घर. शाळेत तात्पुरता कारकून. शाळेने ग्रंथपाल करू म्हटलंय, सर्टिफिकेट आणलं तर. गरीब स्वभावाचा, दर रविवारी माझ्यासाठी बोरं आणतो.

म्हणजे खोटं लिहिलं तर दोघंही पास. खरं लिहिलं तर गंगामणीचं नक्की नाही, मनोहर बहुधा नापास. खरं बोलायची हौस माझी, भरणार तो.
हौसच आहे का ही? स्वतःला विचारतेय.

३० जाने., रविवार
मनोहरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. न सांगता पत्र टाकणं बरं वाटेना.
त्याने चपलांच्या ढिगातून आपली जोडी काढली. मग म्हणाला, "मले बी मालूम होतं म्याडम."
"काय?"
"नावायचं. आमच्या गावात अर्धे तेलुगू हायेत. लहानपणापासून मालूम हाय. पन तुमी शिकवलं तसं लिवलं. मार्क पाह्यजेत ना."

हे मात्र अपेक्षित नव्हतं. एकीला माहीत होतं, तिने लिहिलं, मी फुली मारली. दुसऱ्याला माहीत होतं, त्याने गिळलं, मी बरोबरची खूण केली. बाराजणांत अजून कितींना माहीत होतं, विचारायचा धीर झाला नाही. इथे तेलुगू न येणारी मी एकटीच असेन.

"तुमी लिवा काय लिवायचं ते," मनोहर जाताना म्हणाला. बोरं ठेवून गेला. खाल्ली नाहीत.

७ फेब्रु.
दुसरं पत्र पाठवलं. रजिस्टर, पोचपावतीसह. शेवटी एक परिच्छेद वाढवला : ज्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलं त्यांचा दोष नाही, त्यांचे मार्क कापू नयेत. ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांना द्यावेत. दोन्ही एकदम मागणं नियमात बसतं का, माहीत नाही. दोन चुली एका लाकडावर पेटवायला बघतेय. पण दुसरं मागण्यासारखं काय होतं?

प्राचार्यांनी पत्र वाचलं, सही केली, पेनाचं टोपण लावायला फार वेळ घेतला. "कोर्सचं सेंटर बंद नाही केलं म्हणजे मिळवलं, बाई."

पहिलं पत्र अजून उशाखाली होतं. आज चुलीत घातलं. ह्यांनी बघितलं.

२० फेब्रु., रविवार
कार्डं दुरुस्त करायला घेतली. वर्गानंतर दोन तास. गंगामणी कार्डं काढते, घराचं नाव सांगते. जिथे तिलाही कळत नाही तिथे राजेशम सरांकडे. ते खिडकीशी बसून चहा पितात आणि तिथूनच ओरडतात. "वो रेड्डी नहीं मॅडम, वो अपने चेन्नूर के मास्टर हैं, उनके घर का नाम पहले लो!"
रेड्डींचा ड्रॉवर हलका होतोय.
मनोहर दोन रविवार नुसता वर्गाला येऊन गेला.

६ मार्च, रविवार
आज मनोहर थांबला. न विचारता टाइपरायटरपुढे बसला. गंगामणीला म्हणतो, "हं, सांगा आता म्याडम." तिने त्याला डस्टर फेकून मारलं. मारोती : "चपला काढून भांडा रे, डबा बंद पडन."
खूप दिवसांनी हसले.

१५ मार्च
हैदराबादहून पत्र. एक ओळ : बाराही उत्तरपत्रिका तपासणीसाठी ताबडतोब पाठवाव्यात. बाकी काही नाही. माझ्या परिच्छेदाबद्दल हो नाही, ना नाही.
गठ्ठा बांधला. माझ्या लाल शाईच्या फुल्या तशाच. वर दुसरी खूण केली नाही. ते आता त्यांचं.

३१ मार्च
नोंदींची फ्लॉपी पाठवली. तेलुगू पुस्तकं दोन कपाटांपुरतीच झाली. बाकीची पाठवली नाहीत. तसं कळवलं.

१० एप्रिल, रविवार
कोर्सचा लेखी पेपर. आमच्याच कॉलेजात, सुपरवायझर बाहेरचे. मला आत जायचं नाही, व्हरांड्यात होते. ऊन मरणाचं.

बेल व्हायच्या आधी गंगामणी जवळ आली. मागे मनोहर.
"म्याडम, नावायचा प्रश्न आला तं काय लिवू? तपासणारं कोन असन, कोनाले मालूम."
काय सांगणार? तपासणारा माझ्यासारखाच असू शकतो. नागपूरला शिकलेला, पान सोडलेला. यावेळी नापास झाली तर जून गेला.
"नियमात आहे तसं लिहा," म्हटलं.
मनोहर हळूच म्हणाला, "मागच्या टायमाले बी तुमी हेच म्हटलं होतं, म्याडम."
टोमणा नव्हता. नुसतं आठवण करून देत होता. दोघं आत गेले.

प्रश्न आला होता. दहा मार्कांचा, सक्तीचा.

गंगामणी आधी सुटली. "झालं म्याडम," एवढंच म्हणाली, आणि इचोड्याच्या बससाठी पळाली. तिने काय लिहिलं हे विचारायची गरज नव्हती. मनोहर सगळ्यात शेवटी. त्याला विचारलं.
"ह्या टायमाले मले जे मालूम हाय ते लिवलं," म्हणाला. हातावर शाई. मग बोरं संपली म्हणून दिलगिरी व्यक्त केली. पुढच्या हंगामात आणतो म्हणाला.

२८ एप्रिल
फेब्रुवारीच्या पत्राची पोचपावती आज आली, गुलाबी कार्ड, अडीच महिन्यांनी. शिक्का नीट उमटलेला. खाली सही. कोणाची, वाचता येत नाही. नाव कुठून सुरू होतं तेही कळत नाही.

निकाल नाही. उत्तर नाही. रविवार मोकळे झालेत, तरी काल गंगामणीचा निरोप होता, रविवारी पहिल्या बसने येते, 'रा'चा ड्रॉवर काढून ठेवा. आता उठून काढून ठेवते.